चंद्रपूरच्या वायूची शेपूट सापडली

गेल्या नोंदीत चंद्रपूर औष्णिक वीज केंद्रापाशी गाडी अडली होती. सेंटिनेल-५पी उपग्रहावरच्या ट्रोपोमी उपकरणाचा नायट्रोजन डायऑक्साइडचा डेटा बारीक ग्रिडवर टाकून सरासरी काढली, तर केंद्राभोवती नुसता गोल, पसरट डाग आला. डाग खरा आहे, पण त्यातून फारसं काही कळत नाही. वारा रोज दिशा बदलतो. सगळे दिवस एकावर एक ठेवले की वाऱ्यासोबत वाहत गेलेल्या वायूच्या शेपट्या पुसल्या जातात आणि मधला गोळा तेवढा उरतो.

यावरचा उपाय आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. रोजचं चित्र केंद्राच्या बिंदूभोवती असं फिरवायचं की त्या दिवसाचा वारा कायम एकाच दिशेला जाईल, आणि मग सरासरी काढायची. तसं केलं, तरी शेपूट येईना. आली ती फुगीर, दोन्ही बाजूंना फाटलेली. तीन आठवडे मी कोनाची चिन्हं तपासत बसलो आणि चूक निघाली ती घड्याळाच्या वेळेची. हा उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो, हे इतकं पाठ झालं होतं की ईआरए-५ या जागतिक हवामान-डेटासंचातल्या वाऱ्याच्या फाइलमधून मी तेरा वाजताची नोंद उचलत होतो. ती फाइल यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असते. म्हणजे दुपारच्या वायूला मी संध्याकाळी साडेसहाचा वारा जोडत होतो.

शिवाय दीड ही सूर्याची स्थानिक वेळ आहे. चंद्रपूर ७९.३ अंश पूर्वेला आणि आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, म्हणून आपल्या घड्याळात पावणेदोन वाजायला आलेले असतात आणि यूटीसीत सव्वाआठ. त्यातही ट्रोपोमीचा पट्टा सुमारे २,६०० किलोमीटर रुंद असल्याने चंद्रपूर कधी मधोमध येतं, कधी कडेला, आणि वेळ पुढेमागे होते. आता मी निरीक्षणाची वेळ थेट फाइलमधूनच वाचतो आणि आधीच्या-नंतरच्या तासांमधून त्या क्षणाचा वारा काढतो. कोणी हे काम नव्याने सुरू करत असेल तर पहिल्या दिवशी हेच तपासा.

वेळ दुरुस्त करून पुन्हा चालवलं आणि शेपूट उभी राहिली. लांब, निमुळती, वाऱ्याच्या दिशेने हळूहळू फिकी होत गेलेली. लहानपणी इरई धरणाकडे जाताना ज्या चिमण्या पाहिल्या, त्यांचा वायू ८०० हून अधिक किलोमीटर उंचीवरून असा दिसतो हे पाहून मी बराच वेळ स्क्रीनसमोरून उठलो नाही. सर्वांत गडद पिक्सेल चिमण्यांवर नाहीत, वाऱ्याच्या दिशेने थोडे पुढे आहेत. चिमणीतून बाहेर पडतो तो मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड. वाटेत ओझोन भेटला की त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो, आणि ट्रोपोमीला ४०५ ते ४६५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशात दिसतो तो हाच. दोन्हींमध्ये जी मिनिटं जातात, तेवढ्यात वारा वायूला पुढे नेतो. पुस्तकातलं रसायन माझ्या नकाशावर उतरलं होतं!

गाळणीबद्दल थोडं. क्यूए व्हॅल्यू, म्हणजे पिक्सेल किती भरवशाचा ते सांगणारा ० ते १ मधला आकडा, ०.७५ च्या वर असलेलेच पिक्सेल ठेवतोय. त्यामुळे जून ते सप्टेंबर जवळजवळ कोरेच जातात, कारण ढगांखालचं दिसत नाही. म्हणून ‘वार्षिक सरासरी’ हा शब्द मी आता वापरत नाही. प्रत्येक नकाशाशेजारी किती दिवस मोजले त्याचाही नकाशा ठेवतो, आणि तो नसेल तर दुसऱ्याच्या सरासरीवरही विश्वास ठेवू नये असं माझं ठाम मत झालंय. जुन्या-नव्या प्रोसेसिंगच्या फाइली एकत्र करू नका हेही आलंच. आवृत्ती बदलली की आकडे हलतात आणि तो बदल आपल्याला हवेतला वाटतो.

खरी मजा ऋतूंच्या तुलनेत आहे. डिसेंबरची शेपूट लांब आहे, मेमधली आखूड. वीज केंद्र तेच, २१० मेगावॅटचे दोन आणि ५०० चे पाच संच, मिळून २,९२०. चिमणीतून सोडलेला वायू दोन्ही वेळा तेवढाच असला तरी उन्हाळ्याच्या कडक उन्हात रसायन वेगाने चालतं, डायऑक्साइड लवकर संपतो आणि वरून दिसणारा साठा घटतो. नकाशा फिका दिसला म्हणून उत्सर्जन कमी झालं असं म्हणता येत नाही. २०२० च्या टाळेबंदीतले आधीचे-नंतरचे नकाशे सगळीकडे फिरले, तेव्हा हिवाळा आणि एप्रिल शेजारी ठेवलेले पाहून मला हीच चुटपुट लागायची.

शेपूट किती झपाट्याने फिकी होते त्या उतारावरून वायूचं आयुष्य, म्हणजे तो हवेत किती वेळ टिकतो, ते काढता येतं. २०११ मध्ये रियाधसारख्या एकाकी शहरावर ही पद्धत छान चालली. चंद्रपूर तसं एकाकी नाही. हिवाळ्यात ईशान्येचा वारा शेपूट नैर्ऋत्येला नेतो आणि तिकडे गडचांदूरचे सिमेंट कारखाने आहेत, त्यांचा वायू तिच्यात मिसळतो. म्हणून सध्या वायव्येचा वारा असलेले दिवस वेगळे काढतोय, मार्च ते मे. वारा अजून १०० मीटर उंचीचाच घेतोय. मेच्या दुपारी मिसळणीचा थर, म्हणजे जमिनीलगतची हवा ढवळली जाते तो थर, कितीतरी उंच जातो, तेव्हा थराची सरासरी घेणं बरं, असं वाटू लागलंय. दोन्ही उंचींवर तोच उतार बसवून पाहतो आणि आकडे पुढच्या नोंदीत देतो. वीज केंद्रांच्या शेपट्यांवर कोणी थराची सरासरी वापरली असेल तर थराची उंची कुठून घेतली ते जरूर सांगा.