बावीसऐवजी दुसऱ्या पोर्टवरचे गिट

दूरच्या सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडून देणाऱ्या एसएसएचचे ठरलेले पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, २२ आहे. परंतु आमच्या सर्व्हरवर ते बदलून २२२२ केल्यावर माझे गिट क्लोन (कोडचा इतिहास जपणाऱ्या गिटने सर्व्हरवरून प्रत उतरवणे) अडले आणि त्यात माझी अर्धी दुपार गेली. चूक माझीच होती. वापरकर्ता, सर्व्हरचे नाव, कोलन आणि मग मार्ग अशा आखूड पत्त्यात मी कोलननंतर पोर्टचा आकडा घातला होता, आणि या पद्धतीत कोलनपुढचे सारे काही मार्गच समजले जात असल्यामुळे गिट जुन्याच पोर्टवर जाऊन २२२२ नावाची फोल्डर शोधू पाहत होते.

एसएसएच, कोलन आणि दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण पत्ता लिहिला, तर सर्व्हरच्या नावापुढे पोर्ट देता येते. मात्र आखूड पत्त्यातला मार्ग सहसा वापरकर्त्याच्या होम फोल्डरपासून मोजला जातो, तर पूर्ण पत्त्यातला थेट सर्व्हरवरच्या फोल्डरांच्या मुळापासून, त्यामुळे मार्ग तसाच उतरवला तर पोर्ट बरोबर असूनही रिपॉझिटरी, म्हणजे गिटने जपलेला कोडसाठा, सापडेलच असे नाही.

मला अधिक पसंत पडलेला उपाय म्हणजे एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या सर्व्हरला एक टोपणनाव देऊन त्याखाली खरे नाव, वापरकर्ता आणि पोर्ट नोंदवणे. मग रिमोटच्या, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या सर्व्हरवरच्या रिपॉझिटरीच्या, पत्त्यात मार्गाआधी केवळ टोपणनाव पुरते, आणि पुढे पोर्ट पुन्हा बदलले तरी एकच ओळ सुधारावी लागते.

नव्या पोर्टवर पहिल्यांदा जोडताना सर्व्हरची ओळख पटवण्याचा प्रश्न पुन्हा विचारला जाऊ शकतो, कारण वेगळ्या पोर्टची नोंद नाव आणि पोर्ट मिळून ठेवली जाते. तिथे डोळे झाकून होकार देऊ नये. सर्व्हरच्या किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट) जुळवून पाहावा.