आत्याच्या कार्बन प्रती आणि अनुस्वाराचा ठिपका

जुनं टंकलिखित मराठी पान स्कॅन करून साफ करायचं असेल, तर इंग्रजी पानांसाठी सांगितलेली कृती जशीच्या तशी वापरू नका. इंग्रजीत एखाद्या अक्षरावरचं टिंब गेलं तरी शब्द ओळखू येतो. आपल्याकडं टिंब गेलं की ‘जातं’चं ‘जात’ होतं, ‘वंश’चं ‘वश’ होतं. आणि माझ्या हातातले कागद जात्यावरच्या ओव्यांचेच आहेत.

ते माझ्या आत्याचे. ती कोल्हापुरात, राजारामपुरीत टायपिंगची कामं घ्यायची, शिवाजी विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध तिच्याकडं यायचे. दिवसा प्रबंध, रात्री स्वतःचं काम: राधानगरी तालुक्यातल्या बायकांकडून वहीत उतरवून आणलेल्या ओव्या टाइप करायची. मूळ प्रत तिनं कुणाला तरी वाचायला दिली, ती परत आली नाही. वह्याही राहिल्या नाहीत. उरली ती निळ्या कार्बनची प्रत, पातळ कागदावरची. पुढं ती शुक्रवार पेठेत राहायला गेली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी घरात शिरलं तेव्हा ट्रंक खाटेवर चढवली होती, तरी तळाच्या कागदांना ओल लागलीच. म्हणजे आता पानावर चार तऱ्हेचा मळ आहे: कार्बनची काजळी, कसरीनं पाडलेली भोकं, बुरशीचे तांबूस ठिपके, आणि पाणी जिथपर्यंत चढलं तिथली तपकिरी रेघ.

स्कॅन करण्याआधी पान मऊ कुंचल्यानं हलकेच झाडायचं, पुसायचं नाही. पुसलं की कार्बन पसरतो. पातळ कागद स्कॅनरच्या फीडरमधून, म्हणजे पानं आपोआप आत ओढणाऱ्या भागातून, कधीच घालू नका, काचेवर ठेवा. पाठीमागं काळा कार्डशीट लावला की कागदाच्या दुसऱ्या बाजूचं फारसं आरपार दिसत नाही. प्रत्येक पानावर नेमक्या त्याच जागी काळा ठिपका येत असेल तर तो कागदावरचा नाही, काचेवरचा आहे. कापड ओलसर करून काच पुसा, काचेवर थेट काही फवारू नका.

स्कॅन रंगीतच करा, अक्षरं एकरंगी असली तरी. याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. रंगीत चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन थरांचं असतं. पिवळा पडलेला कागद, तांबूस डाग, पाण्याची तपकिरी रेघ हे सगळं लाल थरात फिकट पडतं, कारण त्या रंगांत लाल भरपूर असतो. निळा कार्बन मात्र त्याच थरात जास्त गडद दिसतो. गिंप या चित्रं दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये नुसता लाल थर वेगळा काढला की अर्धी सफाई तिथंच झालेली असते, एकही ठिपका खोडावा न लागता. पण आत्यानं लाल पेननं केलेल्या दुरुस्त्याही त्या थरात जवळजवळ पुसल्या जातात. म्हणून मूळ रंगीत टिफ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, तिला हात लावायचा नाही. सगळे प्रयोग नकलेवर.

आता ठिपक्यांचं. टाइपरायटरचा अनुस्वार साधारण अर्धा मिलिमीटर धरू. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून स्कॅन केलं तर, तो सहा पिक्सेल रुंद भरतो, म्हणजे क्षेत्रफळ अठ्ठावीसच्या आसपास. गिंपमधला डिस्पेकल फिल्टर शेजारच्या पिक्सेलांतलं मधलं मूल्य घेतो. त्रिज्या ४ ठेवली तर चौकट नऊ बाय नऊची, ८१ पिक्सेलांची. त्यात ठिपक्याचे अठ्ठावीस, बाकीचे पांढरे. मधलं मूल्य पांढरं निघतं आणि अनुस्वार गेला. फिल्टरची यात चूक नाही, त्याला अक्षर कळत नाही. ६०० डीपीआयला तोच अनुस्वार बारा पिक्सेल रुंद होतो, आणि दशांश मिलिमीटरची धूळ जेमतेम दोन-तीन पिक्सेल राहते. दोघांच्या क्षेत्रफळात एवढं अंतर पडलं की धुळीपुरती मर्यादा लावता येते. फाइल मोठी होते, होऊ द्या.

स्कॅन केलेली पानं साफ करायला मी स्कॅन टेलर हा प्रोग्रॅम वापरते. फुकट आहे, आणि त्यातली ठिपके काढायची पद्धत नुसता आकार बघत नाही, ठिपक्याच्या शेजारी मोठं अक्षर आहे का तेही बघते. त्यामुळं शिरोरेषेला चिकटून असलेले अनुस्वार बरेचसे वाचतात. तीन पायऱ्यांपैकी मी सगळ्यात सौम्य पायरी ठेवते. काढलेले ठिपके ते लाल रंगात दाखवतं. पान पुढं सरकवण्याआधी ते लाल ठिपके एकेक करून बघायचेच. वेळ जातो, पण हे काम घाईचं नाहीच. आत्यानं एकेक ओवी बाईच्या तोंडून ऐकून घेतली होती.

काही ठिपके मात्र मलाच ओळखू येत नाहीत. अनुस्वार की बुरशी? तिथं यंत्राचा स्वभाव उपयोगी पडतो. टाइपरायटरचा खिळा ठरलेल्या उंचीवर आणि प्रत्येक अक्षराच्या घरात ठरलेल्या जागी पडतो. पान आधी नीट सरळ केलं, ओळीवर खात्रीच्या अनुस्वारांच्या उंचीला एक आडवी मार्गरेषा ओढली, की खरे अनुस्वार त्या रेषेवर सापडतात. मळ कुठंही असतो. तरीही शंका राहिली तर कागद हातात घेऊन मोबाइलचा टॉर्च आडवा धरायचा. टिंबाचा खिळा टोकदार, सगळा जोर एवढ्याशा जागेवर येतो, त्यामुळं कार्बन प्रतीवरही बारीक खळगा उमटलेला असतो. बुरशीच्या डागाला तसा खळगा नसतो. स्कॅन झाला म्हणून कागद टाकून देऊ नका म्हणते ते यासाठीच.

काही गोष्टी मी साफ करत नाही. ‘ब’च्या पोटात साचलेली काजळी, चुकलेल्या शब्दावर मारलेले फुल्यांचे ठोके, टाचणीच्या गंजाची खूण. वाचायला अडचण होत असेल तर वेगळी वाचनप्रत करावी, पण संग्रहाच्या प्रतीत ते राहिलंच पाहिजे. ती तिच्या कामाची खूण आहे आणि ती खोडायचा अधिकार मला नाही, असं मी मानते.

चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रॅमला मराठीचा डेटा देऊन मजकूर काढून बघितला. छापील पुस्तकापेक्षा चुका जास्त येतात, कार्बनच्या फुगलेल्या कडांमुळं ‘व’ आणि ‘ब’ एकमेकांत मिसळतात. शोधण्यापुरतं ते चालतं. ओव्यांचा मजकूर मी हातानंच टाइप करते आहे.

टॉर्चनंही न सुटलेल्या जागा पिवळ्या करून ठेवते. रविवारी आत्याकडं जाते तेव्हा त्या ओळी तिला वाचून दाखवते. तिला आता अक्षर दिसत नाही, पण ओवी अर्ध्यात तोडली की ती पुढची ओळ चालीत म्हणते, आणि चालीत ‘गं’ कुठं आहे ते स्पष्ट ऐकू येतं. तिनं सांगितलेलं मी पान क्रमांकासकट वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवते, म्हणजे कुठला ठिपका कागदावरून घेतला आणि कुठला तिच्या तोंडून, हे नंतर वाचणाऱ्याला कळेल.