राजवाड्यावर

साताऱ्यात पोवई नाक्यावरून गावात शिरायला दोन रस्ते आहेत, एक वरचा आणि एक खालचा. पाट्यांवर त्यांची नावं राजपथ आणि कर्मवीर पथ अशी आहेत, पण रिक्षावाल्याला ही नावं सांगितली की तो ओळखतो, पाहुणे आहेत. कुठलाही रस्ता धरला तरी शेवटी राजवाड्यावरच येतो. खालच्या रस्त्यानं आलं तर वाटेत ५०१ पाटी लागते. तिथं म्हणे कधीकाळी साबणाची जाहिरात होती. पाटी गेली, साबण विरघळला, चौकाचं नाव तेवढं राहिलं. साताऱ्यात राजांच्या आठवणी जपायला समित्या नेमाव्या लागतात, साबणाची आठवण मात्र लोकांनी फुकटात जपली आहे.

राजवाड्यावर म्हणजे राजवाड्यात नव्हे. समोर गोलबाग, पलीकडे गांधी मैदान, पाठीशी मोती चौकातली कंदी पेढ्यांची दुकानं, आणि मान वर केली की अजिंक्यतारा. संध्याकाळ झाली की मैदानावर चौपाटीच्या गाड्या लागतात. भेळ, पावभाजी, डोसे. तव्यावर उलथण्याचा खणखणाट सुरू झाला की मागे दोन राजवाडे उभे आहेत हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. मी कॉलेजात होतो तेव्हा इथं रोज उभा असायचो, आणि राजवाड्याकडे पाठ करूनच असायचो. गाड्या समोर होत्या, दुसरं काय!

जुना राजवाडा बांधला प्रतापसिंह महाराजांनी, १८२४ साली. साताऱ्याहून महाबळेश्वरला रस्ता केला तोही यांनीच. गोलबागेत त्यांचा पुतळा आहे. रिक्षांच्या गर्दीतून बघितलं तर महाराज स्वतःच्याच वाड्यावर लक्ष ठेवून उभे आहेत असं वाटतं. ठेवायलाच हवं म्हणा. १८३९च्या सप्टेंबरात रातोरात त्यांना इथून उचललं. कंपनी सरकारनं कटाचे आरोप ठेवून गादीवरून काढलं आणि काशीला धाडलं. १८४७मध्ये ते तिथंच गेले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथल्या साहेबांचे उंबरे झिजवत राहिले. शेजारचा नवा राजवाडा १८४४च्या सुमारास पुरा झाला, तेव्हा गादीवर धाकटे भाऊ अप्पासाहेब होते. १८४८ला तेही वारले आणि राज्यच खालसा झालं. म्हणजे एवढा मोठा नवा वाडा, आणि त्यात राजा म्हणून राहणं झालं ते जेमतेम चार वर्षांचं.

पुढं या वाड्यांचं जे झालं ते मला जास्त आवडतं. एकात शाळा भरली, दुसऱ्यात कोर्ट. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच शाळेत एक मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे त्याचं नाव आहे: भिवा रामजी आंबेडकर. १९०४पर्यंत तो इथं होता. राज्य सरकार आता ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस साजरा करतं, शाळेचं नाव प्रतापसिंह हायस्कूल झालं आहे. ज्या काळात त्या मुलाला गावच्या पाणवठ्यावर घागर बुडवायची सोय नव्हती, त्या काळात तो दप्तर घेऊन छत्रपतींच्या वाड्यात शिरत होता. वर्गातही त्याला वेगळंच बसावं लागलं, हेही खरं. पण नाव रजिस्टरात चढलं ते चढलं.

आणि कोर्टाच्या बाजूला? अख्ख्या जिल्ह्याची भाऊबंदकी. पाटण, कोरेगाव, जावळीहून पहाटेच्या एसटीनं आलेले लोक, धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला सातबारा, वकिलाची वाट बघणं, पुढची तारीख, मग कंदी पेढ्याचा पुडा घेऊन परतीची गाडी. कोर्ट केव्हाच दुसरीकडे गेलं. पण दरबारात जेवढी माणसं आली नसतील त्याच्या कितीतरी पट या नव्या वाड्यात तारखांना येऊन गेली असणार.

मध्यंतरी पुण्याचा भाचा आला होता. त्याला सगळं 'बघायचं' होतं. एसटी स्टँडाजवळच्या शिवाजी महाराज संग्रहालयात आधी गेलो. जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं आली ती इथंच, सात महिन्यांसाठी. मीही तेव्हा रांगेत होतो. काचेपलीकडे ती दिसतात केवढीशी! बाळमुठीत मावतील एवढी वाटली. ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ साताऱ्याचा रेसिडेंट, त्याच्याकडून ती विलायतेला गेली. लंडनला ज्या डबीत ती ठेवतात तिच्यावर इंग्रजीत कोरलं आहे, की याच वाघनखांनी शिवाजीनं 'मोगल सेनापती' मारला. आता अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा, हे आपल्याकडे चौथीतलं पोर झोपेत सांगेल. डबी कोरणाऱ्याला सांगायला कुणी नव्हतं. ही वाघनखं प्रतापगडावरचीच याला पुरावा नाही, हे त्या म्युझियमनं स्वतःच सांगून टाकलं आहे. तरीही रांग हटत नव्हती, आणि हटावी असं मलाही वाटलं नाही. माझ्या पुढच्या आजींनी काचेला नमस्कार केला, तेव्हा पुरावा मागायची कुणाची छाती होती?

भाच्याला संग्रहालय पसंत पडलं. तिथं दिवे होते, पाट्या होत्या, थंडगार होतं. मग त्याला राजवाड्यावर आणलं. नव्या वाड्याचं दार बंद. त्यानं फटीतून डोकावून बघितलं आणि म्हणाला, "मामा, इथं काहीच नाहीये."

काहीच कसं नाही! पण दाखवायचं काय, हे मलाही सुचेना. डागडुजीच्या योजनांच्या बातम्या पेपरात अधूनमधून येतात. वाडा उघडला तर लगेच तिथं सिंहासन, मेणे आणि फायबरचे मावळे मांडतील, ही माझी खरी धास्ती आहे. तसले मावळे गावोगाव झालेत, सगळ्यांची मिशी एका साच्यातली. मला विचारलं तर एका दालनात शाळेचे जुने बाक ठेवावेत, एकात आरोपीचा पिंजरा आणि पक्षकारांचं बाकडं. राजांचं आपण वाचतो तरी, बाकड्यावर बसलेल्यांचं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

हे मी जरा तावातावानं बोलत होतो बहुधा. कारण कट्ट्यावर बसलेले एक आजोबा मधेच म्हणाले, "आमी बसलोय की त्या बाकड्यावर." मेढ्याकडचे होते, दवाखान्यासाठी आले होते. धाकट्या भावाशी बांधाचा दावा. वकील कसा खोकायचा, कारकून हाक मारताना आडनाव कसं मोडायचा, हे त्यांनी करून दाखवलं. जिन्याच्या कितव्या पायरीवर सावली असायची आणि तिथं भाकरी सोडायला कोण आधी जागा धरायचं, तेही सांगितलं. समोरच्या पायरीवर धाकटा भाऊ त्याची भाकरी सोडून बसायचा. दोघं एकाच एसटीनं यायचे, पण तिकिटं वेगवेगळी काढायचे.

भाच्यानं मोबाईल खिशात ठेवला. "मग आजोबा, निकाल काय लागला?"

"निकाल कसला? तवर रानच कण्हेरच्या धरणात गेलं की, बांधासकट. मंग पैसं कमी दिलं म्हनून दोगं भाऊ पुन्यांदा कोर्टात. पर त्या खेपंला एकाच बाजूला, आन् तिकिटं म्याच काढली."