मुकुट जुलैत, घराणं डिसेंबरात

फ्रान्सच्या कापे घराण्याची सुरुवात म्हटलं की सगळे ९८७ चा जुलै सांगतात, ह्यू कापेला मुकुट चढला तो महिना. मला मात्र वाचता वाचता पक्कं वाटायला लागलंय की खरी सुरुवात त्याच वर्षीच्या नाताळात झाली.

झालं असं की मे ९८७ मध्ये पाचवा लुई, जुना फ्रँक सम्राट शार्लमेनच्या वंशातला तरुण राजा, शिकारीत पडला आणि गेला, मूलबाळ नाही. रक्ताच्या नात्याने गादी काकाची, लोअर लॉरेनच्या चार्ल्सची. पण सांलिस गावी सरदार जमले आणि रेंसचा आर्चबिशप अडालबेरो, ज्याच्यावर लुईच्या दरबारात राजद्रोहाचा ठपका होता, तोच उभा राहून म्हणाला की गादी वारशाने मिळत नसते, माणसाची लायकी बघा. झालं, ह्यू राजा.

पण ज्या मुद्द्यावर गादी मिळाली तोच उद्या पोराच्या मुळावर येणार ना! ह्यूच्या घरात आधी दोन राजे झाले होते, ओडो आणि ह्यूचा आजोबा रॉबर्ट, पण दोघांच्याही मागे मुलगा गादीवर बसला नाही. म्हणून ह्यूने लगेच मुलगा रॉबर्टला सहराजा करा असा आग्रह धरला, कारण काय तर बार्सेलोनाच्या काउंटला मदत करायला मोहीम काढायचीय, मी तिकडे मेलो तर? अडालबेरो आधी अडून बसला, एका वर्षात दोन राजे कसे करणार म्हणून. शेवटी २५ डिसेंबरला ऑर्लेआंत रॉबर्टला मुकुट चढला. मोहीम निघालीच नाही.

डावललेल्या चार्ल्सने ९८८ मध्ये लां शहर घेतलं, पण ९९१ च्या पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, त्याचा घात झाला. रिशेर नावाच्या भिक्षूने लिहून ठेवलंय, रात्री जेवताना चार्ल्सने वाइनमध्ये पाव कुस्करलेला सोन्याचा प्याला लांच्या बिशपपुढे धरला, इमान राखणार असाल तरच प्या म्हणाला. बिशप प्यायला, आणि सगळे झोपल्यावर त्यांच्या उशाच्या तलवारी काढून लपवल्या. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. ह्यूने चार्ल्सला कैदेत टाकलं, तेही ऑर्लेआंतच.

९९६ मध्ये ह्यू गेला तेव्हा सांलिससारखी सभा भरवायची वेळच आली नाही, रॉबर्ट राजा होताच. बापाच्या हयातीतच मुलाला मुकुट, ही रीत पुढे याच घराण्यातल्या फिलिप ऑगस्टस राजापर्यंत चालली, त्याला ११७९ मध्ये असाच चढला, पण त्याने स्वतःच्या मुलासाठी ते केलं नाही, तोवर गरजच उरली नव्हती.