जा, गवताला हात लाव

गेल्या रविवारची गोष्ट. इथं इंग्लंडमध्ये सकाळचे नऊ वाजले होते, म्हणजे तिकडे भारतात दुपारचे दीड. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिसळीत बटाटा घालावा की नाही यावरून जुंपली होती आणि बटाट्याविरुद्ध मी एकटी किल्ला लढवत होते. टोस्ट करपला, चहा गार झाला. माझी फ्लॅटमेट, लीड्सची मुलगी, बराच वेळ हे बघत होती. शेवटी म्हणाली, "गो टच ग्रास."

मला वाटलं, 'जा, चर जा' म्हणतेय. गवताशी आपलं नातंच तसं. एक तर गुरांनी खायचं, नाही तर हरलेल्यानं दाती धरायचं. आणि मी तर जिंकत होते!

तर हा इंग्रजी नेटकऱ्यांचा ठेवणीतला टोमणा आहे. अर्थ एवढाच, की बाई गं, फोन ठेव, घराबाहेर पड, खरं जग बघ. ऑनलाइन वाद हातघाईवर आला की कुणीतरी हे सुनावतंच. सुनावणाराही तिथंच ठाण मांडून बसलेला असतो, ते सोडा. आपल्या 'तुला काही कामधंदा नाही का?'ची ही धाकटी बहीण. 2024 साली ऑक्सफर्डनं 'ब्रेन रॉट' हा वर्षाचा शब्द ठरवला. फालतू रील्स बघून बघून डोकं नासतं, तो रोग. त्यावरचा हा झाडपाला.

म्हटलं, लावते हात. पण मी राहते केंब्रिजमध्ये, आणि इथल्या कॉलेजांत गवत सोवळ्यात असतं! हिरवळ कंगव्यानं विंचरल्यासारखी, कडेला पाटी: गवतावर चालू नये. बहुतेक ठिकाणी तो मान फक्त फेलो, म्हणजे कॉलेजातल्या वरिष्ठ विद्वान मंडळींचा. किंग्ज कॉलेजनं 1772 सालच्या आपल्या हिरवळीच्या एका भागाचं काही वर्षांपूर्वी रानफुलांचं कुरण केलं, त्याची कापणी चक्क घोडे जुंपून केली. पण तेही आपण बाहेरूनच बघायचं.

शेवटी गेले मिडसमर कॉमनवर. कॅम नदीकाठचं हे मोकळं गायरान, अगदी शहरात, आणि उन्हाळ्यात तिथं खरोखर गाई सोडतात. रेड पोल जातीच्या, तांबड्या, शिंगं नसलेल्या. बसले. दवानं जीन्स भिजली. गवत काही मऊ वगैरे नसतं. टोचतं, आणि तळहातावर रेघा उठतात. चार हातांवर एक तांबू जिभेनं गवत ओढून तोडत होती, त्याचा करकर आवाज स्पष्ट येत होता. शेणाचा वास आला आणि आजोळचा गोठा आठवला. तिथं मी लहानपणी नाक दाबून उभी राहायचे.

हात खिशाकडे गेलाच. फोटो काढायला, दुसरं काय? 2025 मध्ये तर असं एक अ‍ॅपच निघालं, की गवताला हात लावल्याचा फोटो दाखवल्याशिवाय ते इन्स्टा उघडू देत नाही. म्हणजे फोन सोडायचा, तोही फोन घेऊन. मी मात्र फोन घरीच विसरले होते. तांबूनं एकदा मान वर करून पाहिलं आणि परत कामाला लागली.

दोन तासांनी गुडघ्यांवर हिरवे डाग घेऊन घरी आले. ग्रुपवर 86 मेसेज. माझ्या गैरहजेरीत बटाटा बिनविरोध निवडून आला होता.