नागपूरच्या माणसाला घाट येत नाही

आमच्या मित्रांचं लडाखचं प्लॅनिंग चार वर्षांपासून चालू आहे आणि अजून चारेक वर्षं सहज चालेल असा अंदाज आहे. दर मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कोणीतरी बर्फाचा फोटो टाकतो, सगळे "चलो बे, इस साल पक्का" म्हणतात आणि पहिला पाऊस पडला की सगळे विसरतात. नागपूरवरून मनाली गाठतानाच दोन-तीन दिवस जातात, सुट्टी तिथेच संपते, हे कोणी बोलत नाही. यावर्षी मी म्हटलं मरू दे लडाख, आपल्या उशाशी सातपुडा आहे, डिसेंबरमध्ये पाच दिवस काढू आणि छिंदवाडा, तामिया, पातालकोट, पचमढी करून येऊ. दोघं तयार झाले, बाकीच्यांनी थम्स अप टाकला, म्हणजे येणार नाहीत.

आता खरं सांगतो, मला भीती रस्त्याची नाही, माझीच आहे. आपण नागपूरची माणसं सपाट जमिनीवर गाडी शिकलेलो. वर्धा रोड, रिंग रोड, फार तर एखादा उड्डाणपूल, हाच आपला चढ. इथून हैदराबादपर्यंत गाडी नेऊ, पण घाट म्हटला की आपल्याला एकच कळते, ब्रेक. दोन वर्षांपूर्वी चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना मी सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलो, मधे मधे तर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल, आणि खाली येता येता जळक्या रबरासारखा वास यायला लागला. मला वाटलं समोरच्या ट्रकचा आहे. मग ब्रेक दाबला तर पाय नेहमीपेक्षा बराच आत गेला. बायको बाजूला डुलक्या घेत होती, तिला मी हे अजून सांगितलेलं नाही, इथे वाचेल तेव्हा पाहू. कशीबशी बाजूला घेतली, अर्धा तास थांबलो, चाकाजवळ हात नेला तर भट्टी.

नंतर एका एसटीवाल्या काकांनी समजावलं. ब्रेक सतत घासला की तापतो, फार तापला की पकडच सोडतो, म्हणून उतारावर गाडी इंजिननं धरायची. जो गियर चढायला लागला तोच उतरायला, दुसऱ्यावर चढली तर दुसऱ्यावरच उतरवायची, ॲक्सिलरेटर सोडून द्यायचा, इंजिन आपोआप ओढून धरते आणि ब्रेक फक्त वळणाआधी दाबून सोडायचा. आणि चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, कारण ती चढावर थांबली तर तिला परत उचलायला त्रास. एवढं साधं. मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं.

म्हणून यावेळी मी प्लॅन हॉटेलवरून न करता घाटांवरून केला. नागपूर ३१० मीटरवर, छिंदवाडा पावणेसातशेच्या आसपास, पचमढी हजाराच्या वर आणि तिथला धूपगढ १३५२, सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर. (पुण्याचा भाऊ लगेच म्हणाला आमचं कळसूबाई १६४६. हाव बाप्पा, तुमचं मोठं.) तर हा चढ जिथे जिथे एकदम येतो तिथे मला उजेड पाहिजे. पहिला मोठा म्हणजे सौंसरच्या पुढचा सिल्लेवानी घाट. नागपुरातून पहाटे पाचला निघायचं, सावनेरला चहा, जामसावळीच्या झोपलेल्या हनुमानाला नमस्कार, म्हणजे घाटात ऊन असतानाच शिरता येते. मित्राचं म्हणणं आरामात दहाला निघू, तर्री पोहा खाऊन. पण दहाला निघालं की छिंदवाड्यात जेवण, मग झोप, मग तामियाचा रस्ता अंधारात. पोहा परत आल्यावरही मिळते.

सौंसरपर्यंत तर एमपीत आल्यासारखं वाटतच नाही, संत्र्याच्या बागा त्याच, मराठी तीच. ते साहजिक आहे, १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच प्रांतात होता आणि राजधानी नागपूर. उन्हाळा आला की साहेब लोक पचमढीला पळायचे, अख्खं सरकार वर. म्हणजे उकाड्याला कंटाळून पचमढीला जाणं ही आपली जुनीच सवय, फक्त तेव्हा ते सरकारी खर्चानं होतं.

पातालकोटसाठी पूर्ण एक दिवस ठेवलाय, यावरून घरात थोडी कुरकुर झाली. मुलीला वॉटरफॉल पाहिजे, पातालकोटात काय आहे म्हणते. घोड्याच्या नालेसारखी खोल दरी आहे, खाली दुधी नदी आणि भारिया, गोंड लोकांची डझनभर गावं, चारी बाजूंनी कडे इतके उभे की खाली ऊन उशिरा पोचते आणि लवकर जाते. मागच्या वेळी आम्ही वरूनच फोटो काढून परत फिरलो होतो. आता खाली रस्ता गेलाय, पण तो उतार मी स्वतः चालवायचा की तिथल्या माणसाची जीप करायची, हे तिथे जाऊन रस्ता पाहून ठरवू. माझं मत जीपकडे झुकतंय. पचमढीत तर तसंही धूपगढ वगैरे जंगलातल्या पॉइंटांना वनविभागाची परवानगी काढून जिप्सीच करावी लागते, आपली गाडी हॉटेलवर. मित्राला हे अपमानास्पद वाटते, मला मात्र हायसं वाटलं.

आता गाडी. परवा रविवारी डिकी रिकामी केली. जुन्या छत्र्या, सत्यनारायणाच्या प्रसादाचे द्रोण, मुलीचा एक सँडल, आणि तळाशी स्टेपनी. एकदम नवी, काळी कुळकुळीत, मी खुश. मग मेकॅनिककडे नेली तर त्यानं टायरच्या साइडवरच्या अंडाकृती चौकटीतल्या चार आकड्यांवर बोट ठेवलं, १४१६. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. म्हणजे हा टायर २०१६ च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला, एक किलोमीटर न चालता म्हातारा झालेला. त्यानं टायर थोडा वाकवून दाखवला, खाचांमध्ये बारीक बारीक भेगा. "भैया, ये सिर्फ दिखाने का है," म्हणाला. रबर पडून पडूनही कडक होते हे मला माहीत नव्हतं. तुम्हीही आज खाली जाऊन आपल्या टायरचे आकडे पाहा, मी थांबतो.

जॅक होता, पण जॅक फिरवायचा रॉड नव्हता. सगळं घर शोधलं. शेवटी गच्चीवर सापडला, बाबांनी कूलरच्या स्टँडचा एक पाय हलत होता म्हणून त्याखाली दोन उन्हाळ्यांपासून ठोकून बसवलेला. मी काढायला गेलो तर बाबा वर आले, "काहून काढतं बे, कूलर पडंल ना." म्हटलं डिसेंबरमध्ये कोण कूलर लावते, आणि पचमढीला चाललोय, रस्त्यात चाक बदलायला लागला तर. पचमढी ऐकल्यावर ते तिथेच टाकीला टेकून उभे राहिले.

बाबा तरुणपणी मोठ्या महादेवाला जायचे, महाशिवरात्रीला, गावातल्या लोकांसोबत, खांद्यावर त्रिशूळ घेऊन. चौरागढच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या. वर त्रिशुळांचा नुसता ढीग असतो, लोकांनी नवसाचे वाहिलेले. एकदा नागपंचमीला नागद्वारलाही गेले होते, भर पावसात, डोंगरातून चालत, पायात स्लीपर. हे सगळं मी लहानपणापासून ऐकतोय, पण आम्ही तिघं गाडीनं जाताना बाबांना विचारावं हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि ते तिथे टाकीला टेकून काहीच बोलत नव्हते, तेव्हा आलं.

म्हटलं, येता का? पायऱ्या नका चढू, खाली बसा.

"पायऱ्याचं मी पाहीन," म्हणाले, "तू घाटात हळू चालव. अन् समोर मी बसीन."

बायकोला मागे बसावं लागेल हे कळवायचं काम अजून बाकी आहे. नवीन टायर शनिवारी येतोय. कूलरखाली सध्या वीट लावलीय.