सात फुटांची वाट

किड्सग्रोव्ह गावाजवळ ट्रेंट अँड मर्सी कालव्याचे पाणी गेरू कालवल्यासारखे तांबडे दिसते, कारण हेअरकॅसल टेकडीच्या पोटातले लोह बोगद्यातून झिरपत त्यात उतरते. इंग्लंडमधल्या अरुंद कालव्यांच्या अरुंदपणाचे बरेचसे श्रेय, किंवा दोष, मी या टेकडीला देतो.

मातीची नाजूक भांडी खडबडीत रस्त्यांवरून पाठवून मोडतोड सोसणाऱ्या जोसाया वेजवूडने या कालव्यासाठी खटपट केली आणि १७६६ साली पहिली कुदळही त्यानेच मारली. दीड मैलाहून लांब बोगदा रुंद खणायचा तर खर्च आवाक्याबाहेर जाणार, शिवाय अरुंद लॉकला, म्हणजे पाणी भरून-सोडून होडी वरखाली करणाऱ्या दारबंद हौदाला, पाणीही कमी लागणार, हे ओळखून अभियंता जेम्स ब्रिंडलीने लॉक जेमतेम सात फूट रुंदीचे ठेवले. तरीही बोगद्याला ११ वर्षे लागली आणि तो पुरा होण्याआधीच, १७७२ मध्ये, ब्रिंडली वारला. आत घोड्यासाठी वाट नव्हती. घोडा टेकडीवरून जाई आणि खाली माणसे होडीवर उताणी पडून भिंतींना पाय लावत अंधारात ती पुढे रेटत.

पुढे रेल्वेने माल पळवला, पण लॉकची रुंदी बदलली नाही. म्हणूनच आज नवी नॅरोबोट, म्हणजे या कालव्यांवरची अरुंद होडी, बांधणारासुद्धा सहा फूट दहा इंचांवर हात आखडतो.

लॉकमध्ये शिरताना दोन्ही अंगांना इंचभर जागा उरते आणि ओल्या विटांचा गारवा थेट गालाला लागतो. मागचे दार लावायचे, वर चढून लोखंडी हँडलने पुढच्या दाराची झडप उचलायची आणि पाणी भरेपर्यंत थांबायचे. पहिल्या खेपेला मी घाईने दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून जोर केला. दार तसूभरही हलले नाही, कारण आतबाहेर पातळी सारखी होईपर्यंत पाण्याचा भार ते घट्ट दाबून धरतो. पाय रोवायला जमिनीत विटांच्या उंचवट्यांची कमान केलेली असते. तिथे टाच टेकून मी मुकाट उभा राहिलो, आणि पातळी जुळताच तेच दार नुसत्या पाठीच्या रेट्याने सरकू लागले.